कोझाची ती रात्र: फक्त पिवळ्या नंबर प्लेटच्याच गाड्या का जळल्या?

दंगल म्हटलं की फोडलेली दुकानं, पळवलेला माल आणि दोन-चार मुडदे हे ठरलेलंच असतं. २० डिसेंबर १९७० च्या पहाटे जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटावरच्या कोझा शहरात हजारो माणसं पाच-सहा तास रस्त्यावर होती, पंचाहत्तरच्या वर गाड्या जाळल्या गेल्या, पूर्व आशियातल्या सगळ्यात मोठ्या अमेरिकन हवाई तळाच्या गेटातून लोक आत घुसले आणि आतल्या इमारती पेटवून आले, तरी एकही माणूस मेला नाही आणि लुटालूट जवळपास झालीच नाही. जळालेल्या गाड्यांना जवळजवळ सगळ्यांना पिवळी नंबर प्लेट होती. ही प्लेट अमेरिकन सैनिकांच्या आणि तळावरच्या अमेरिकन लोकांच्या गाड्यांना असायची. स्थानिकांच्या गाड्या बाजूलाच उभ्या होत्या, त्यांना कुणी हात लावला नाही.

सैनिक, बार, दारू, बायका एकत्र आल्या की राडा व्हायचाच, असं म्हणून लोक हा विषय दोन वाक्यांत मिटवतात. मला ते अजिबात पटत नाही. दारू पिऊन मारामाऱ्या त्या गल्ल्यांमध्ये वीस-पंचवीस वर्षं रोजच होत होत्या आणि शहर काही पेटलं नव्हतं. त्या रात्री भडका उडाला तो एका साध्या प्रश्नावरून, की अपघाताचा पंचनामा कोण करणार आणि गाडी जागेवरून हलवायच्या आधी करणार की नंतर. हे प्रकरण नीट बघितलं तर सगळं त्या पंचनाम्यापाशीच येऊन थांबतं, म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

शहर कशावर उभं राहिलं

१ एप्रिल १९४५ ला अमेरिकन फौजा ओकिनावाच्या मुख्य बेटावर उतरल्या आणि पुढचे जवळपास तीन महिने तिथे जी लढाई झाली त्यात बेटावरच्या साधारण दर चार रहिवाशांमागे एक गेला. जे वाचले त्यांना छावण्यांमध्ये ठेवलं, आणि ते आत असताना बाहेर त्यांच्या शेतांवर तळ बांधले गेले. सुरुवातीला सांगितलेला तो मोठा हवाई तळ म्हणजे कादेना, तो असाच वाढत गेला. माणसं छावणीतून सुटून परत आली तर शेताच्या जागी तारेचं कुंपण आणि धावपट्टी. मग जगायचं कशावर? तर कुंपणाच्या आत जाऊन त्यांचंच काम करायचं, म्हणजे धोबी, आचारी, ड्रायव्हर, मजूर, किंवा कुंपणाच्या बाहेर बसून त्यांनाच काहीतरी विकायचं. कोझा हे गाव या दुसऱ्या धंद्यावर वाढलं, १९५६ मध्ये त्याला शहराचा दर्जा मिळाला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला पाहिजे कारण बऱ्याच जणांना ती माहीतच नसते. जपानवरचा अमेरिकन ताबा २८ एप्रिल १९५२ ला संपला, पण ओकिनावावरचा संपला नाही. सॅन फ्रान्सिस्को करारात जपानला स्वातंत्र्य मिळालं आणि ओकिनावा अमेरिकेच्या हातात राहिलं, ते थेट १५ मे १९७२ पर्यंत. म्हणजे २७ वर्षं. वरती हाय कमिशनर, आणि तो कायम अमेरिकन लष्कराचा जनरल. खाली स्थानिकांचं सरकार होतं पण त्यांचा कुठलाही कायदा हाय कमिशनर रद्द करू शकायचा, आणि त्या सरकारचा मुख्य माणूस थेट मतदानाने निवडायची परवानगीसुद्धा १९६८ मध्ये मिळाली. १९५८ पासून व्यवहारात डॉलर. जपानमध्ये जायचं तर कागदपत्रं काढून परक्या देशात गेल्यासारखं जायचं. टोकियोत ऑलिंपिक झालं, बुलेट ट्रेन धावली, आणि ओकिनावातला माणूस अजून ताब्यातल्या मुलखात राहत होता. त्यामुळे १९७० ची घटना असली तरी तिला युद्धोत्तर ताब्यातलीच घटना म्हणावं लागतं.

ए साईन

कोझाच्या नाईटलाईफचं सगळं राजकारण एका पाटीत होतं. बारच्या दारावर मोठं इंग्रजी ए अक्षर लावलेलं असायचं, म्हणजे लष्कराने मान्यता दिलेलं ठिकाण, सैनिकांनी इथे यायला हरकत नाही. ही पद्धत १९५३ मध्ये सुरू झाली. पाटी मिळवायची तर पक्कं बांधकाम पाहिजे, स्वच्छ किचन पाहिजे, फ्लशचा संडास पाहिजे, ग्लास धुवायची ठरवून दिलेली पद्धत पाहिजे, तिथे काम करणाऱ्या बायकांची नियमित तपासणी पाहिजे. मालकांनी कर्ज काढून हे सगळं केलं. आणि मग एखादा इन्स्पेक्टर येऊन एका फेरीत पाटी काढून घेऊन जायचा, की धंदा बसला. पाटी गेली तर गिऱ्हाईक गेलं कारण स्थानिक माणसाच्या खिशात त्या बारमध्ये बसण्याइतके पैसे नव्हतेच.

याच्यापेक्षा जबर हत्यार म्हणजे ऑफ लिमिट्स. लष्कराने एखादा भाग ऑफ लिमिट्स केला की एकही सैनिक तिथे पाय ठेवू शकत नाही. कारण सांगताना स्वच्छता किंवा सैनिकांची सुरक्षा सांगायचे, पण १९५६ मध्ये जमिनी घेण्याच्या विरोधात अख्खं बेट उठलं तेव्हा कोझा परिसर ऑफ लिमिट्स केला गेला. अर्थ सरळ होता, आंदोलन कराल तर उपाशी मराल. आणि त्याचा परिणाम झालाही, बारवाले आणि दुकानदार आंदोलकांनाच येऊन सांगायला लागले की बाबांनो आमच्या गावात मोर्चे काढू नका. माणसाच्या पोटाला हात घालून त्याला शेजाऱ्याविरुद्ध उभं करायचं, हा प्रकार किती वाईट आहे ते वेगळं सांगायला नको.

शहराची विभागणी पण अशीच. कादेनाच्या दोन नंबर गेटासमोरचा रस्ता, ज्याला आजही गेट टू स्ट्रीट म्हणतात, आणि त्याच्या जवळची बीसी स्ट्रीट, हा गोऱ्या सैनिकांचा भाग. गोया चौकाच्या पलीकडे तेरुया हा काळ्या सैनिकांचा. कुठेही कायदा लिहिलेला नव्हता पण चुकीच्या गल्लीत गेलेल्याची धडगत नसायची, अमेरिकेतला वर्णभेद जशाच्या तसा इथल्या बारमध्ये आणून बसवला होता. बारमधल्या बायकासुद्धा वाटल्या गेल्या, तेरुयातल्या मुलीला गेट टू स्ट्रीटवर काम मिळणं अवघड. स्थानिक लोक प्यायला जायचे ते नाकानोमाचीला, तिथले बार लहान आणि स्वस्त. गेट टू स्ट्रीटवर आणखी एक मंडळी होती ती म्हणजे आपल्याकडचे टेलर, बहुतेक सिंधी, सैनिकांना सूट शिवून देणारे. त्या रस्त्यावर भारतीय नावाची दुकानं त्या काळापासून आहेत.

व्हिएतनामच्या वर्षांत तर पैशाचा पूर आला. कादेनावरून विमानं थेट तिकडे जायची, आणि जाणारा पोरगा, वय एकोणीस-वीस, परत येईन की नाही माहीत नाही म्हणून खिशातलं सगळं एका रात्रीत उडवायचा. गल्ल्यात नोटा मावेनात म्हणून बादलीत पायाने दाबून भरल्या, असं त्या काळचे मालक सांगतात. पण तोच पोरगा तिकडून परत आला की त्याच्या डोळ्यांत वेगळंच काहीतरी असायचं, आणि ते सगळ्यात आधी कुणी सोसलं तर बारमधल्या बायकांनी. यातल्या बऱ्याच जणी युद्धात नवरा किंवा बाप गेलेल्या घरातल्या, आणि मालकाकडून आगाऊ पैसे घेऊन कामाला लागलेल्या. आपल्याकडे ऊसतोड टोळ्यांना मुकादम उचल देतो ना, तसंच. फिटता फिटत नाही, कारण खोली, कपडे, आजारपण सगळं त्याच खात्यावर मांडलं जातं. मारहाण रोजची, आणि काही जणींचे खून झाले. खुनी सापडला असं क्वचितच. मला या प्रकरणातली सगळ्यात त्रासदायक बाजू हीच वाटते, की शहर ज्यांच्या जीवावर चाललं होतं त्यांच्याकडे पोलिसांत जायची सोयसुद्धा नव्हती.

पोलीस होते, पण कुणासाठी

स्थानिक पोलीस होते, वर्दी होती, चौक्या होत्या. पण अमेरिकन सैनिकाला ते पकडू शकायचे फक्त गुन्हा करताना रंगेहाथ सापडला तर, आणि तेही मिलिटरी पोलीस, म्हणजे एमपी, तिथे नसतील तर. पकडला की लगेच एमपींच्या हवाली करायचा. पुढची चौकशी तळाच्या आत, खटला लष्करी कोर्टात, कामकाज इंग्रजीत, आणि निकाल काय लागला हे ज्याचं माणूस गेलं त्या घराला कळेलच असं नाही.

१९६३ च्या फेब्रुवारीत नाहा शहरात एक शाळकरी मुलगा हिरवा सिग्नल असताना झेब्रा क्रॉसिंगवरून चालला होता. लष्कराच्या ट्रकने त्याला उडवलं, मुलगा गेला. ड्रायव्हरने कोर्टात सांगितलं की उन्हाची तिरीप डोळ्यावर आली म्हणून सिग्नल दिसला नाही. कोर्टाने निर्दोष सोडला. हे ओकिनावात त्या पिढीतला प्रत्येक माणूस सांगतो, शाळेतली पोरं रस्त्यावर उतरली होती त्यावरून.

आणि मग इतोमान. १८ सप्टेंबर १९७०, बेटाच्या दक्षिण टोकाचं मच्छीमारांचं गाव. दारू प्यायलेल्या सैनिकाच्या भरधाव गाडीने फुटपाथवर चालणाऱ्या बाईला चिरडलं. एमपी आले आणि नेहमीप्रमाणे गाडी उचलून न्यायला लागले. यावेळी गावातली तरुण पोरं आडवी आली. गाडी न्यायची नाही, आधी आमच्या पोलिसांनी मोजमाप करायचं. एक दिवस नाही, जवळपास आठवडाभर ती जागा त्यांनी अडवून धरली. मागण्या काय होत्या बघा, अधिकाऱ्याने माफी मागावी, घरच्यांना पूर्ण भरपाई द्यावी, आणि लष्करी खटला लोकांसमोर चालवावा. यात भडक काय आहे? कुठल्याही तालुक्याच्या गावात माणसं हेच मागतील. डिसेंबरच्या सुरुवातीला निकाल आला: पुरेसा पुरावा नाही, आरोपी निर्दोष. आठवडाभर राखून धरलेल्या जागेचा पुरावासुद्धा पुरला नाही.

याच वर्षात बाकीचं पण तापलेलंच होतं. चिबानाच्या दारूगोळा कोठारात लष्कराने विषारी वायू साठवलाय हे स्थानिकांना १९६९ च्या जुलैमध्ये कळलं, तेही अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्रात आलं म्हणून. गळती होऊन तळावरची २४ माणसं आजारी पडली होती, त्यातले २३ सैनिक. कोझाच्या शेजारी, माणसांच्या वस्तीजवळ मस्टर्ड गॅस, सरिन, व्हीएक्स. त्याआधी नोव्हेंबर १९६८ मध्ये बी-५२ बॉम्बर कादेनावर उड्डाण करतानाच कोसळून फुटलं होतं. वायू हलवू म्हणाले आणि वर्ष उलटलं तरी हलवला नाही. दुसरीकडे तळावरच्या कामगारांची कपात सुरू झाली होती, युनियन संपावर संप करत होती. आणि नोव्हेंबर १९६९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन आणि जपानचे पंतप्रधान सातो यांनी ठरवलं की ओकिनावा १९७२ मध्ये जपानला परत, पण तळ तिथेच राहणार. म्हणजे झेंडा बदलणार, कुंपण तेच.

त्या रात्री

१९ डिसेंबर, शनिवार. कोझाला लागून असलेल्या मिसातो गावात त्या दिवशी विषारी वायू हलवा म्हणून मोठी सभा झाली होती. डिसेंबरचा शेवट म्हणजे जपानी पद्धतीच्या वर्षअखेरच्या पार्ट्या, ऑफिसची, युनियनची, मित्रांची माणसं गटागटाने प्यायला बाहेर. नाकानोमाची भरलेली. रात्री एकच्या सुमाराला तिथल्या मोठ्या रस्त्यावर, तेव्हा त्याला लष्करी रस्ता क्रमांक २४ म्हणायचे, दारू प्यायलेल्या अमेरिकन सैनिकाच्या गाडीने रस्ता ओलांडणाऱ्या एका स्थानिक माणसाला धडक दिली. त्याला फार लागलं नव्हतं. इतोमानच्या मानाने किरकोळ म्हणावं असं.

एमपी आले, स्थानिक पोलीस पण आले, आणि भोवती माणसं जमली. एमपींनी गाडी आणि ड्रायव्हर घेऊन जायची तयारी केली आणि गर्दीतून आवाज आला, इतोमानसारखं पुन्हा होऊ द्यायचं नाही. हा पहिला आवाज माझ्या मते अख्ख्या प्रकरणाचा गाभा आहे. मारा नाही, जाळा नाही, तर तसंच पुन्हा होऊ देऊ नका. लोक गाडीच्या पुढे उभे राहिले. अजून वातावरण आटोक्यात होतं, पोलीस समजावत होते. तेवढ्यात जवळच आणखी एका अमेरिकनाच्या गाडीचा अपघात झाला, गर्दी वाढली, दगड-बाटल्या सुरू झाल्या, आणि एमपींनी हवेत गोळ्या झाडल्या.

गोळीचा आवाज आला आणि सगळं पालटलं. आसपासच्या बारमधून माणसं बाहेर आली, प्यायलेली आणि न प्यायलेली. मिलिटरीच्या गाड्या येतील तशा उलथवायला सुरुवात झाली, आणि मग पेटवायला. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्यांत पेट्रोल भरून आणलं. जमाव दोन दिशांना गेला, एक घोळका मोठ्या रस्त्याने पुढे सरकला आणि दुसरा गोया चौकातून वळून गेट टू स्ट्रीटवरून थेट तळाच्या गेटाकडे. गेटावरची चौकी जाळली, आत शिरून नोकरभरतीचं ऑफिस आणि तळावरच्या शाळेची इमारत पेटवली. समोर शेकडो अमेरिकन जवान, अश्रुधूर, पाण्याचा मारा. बघे धरून सगळे मिळून पाच हजारांच्या आसपास लोक होते असा अंदाज सांगतात.

आता ज्या गोष्टीमुळे मी हे प्रकरण लिहायला घेतलं ती. गाड्या जाळण्याआधी लोकांनी त्या हातांनी ढकलत रस्त्याच्या मधोमध आणल्या. का, तर दोन्ही बाजूला घरं आणि दुकानं होती, लाकडी बांधकाम पण होतं, आग तिकडे जायला नको. डोक्यात इतका जाळ असताना माणसाला हे सुचतं याचा अर्थ काय होतो? आधी नंबर प्लेट बघायची, पिवळी असेल तरच, मग आत कुणी बसलंय का बघायचं, त्याला बाहेर ओढायचं, काहींनी त्याला दोन ठोसे पण घातले, पण गाडी पेटवली ती रिकामी करून. काळ्या सैनिकांना जाऊ द्या, त्यांना मारू नका, असं गर्दीतली माणसं एकमेकांना ओरडून सांगत होती हे अनेकांनी नोंदवलंय. कुठे कुठे लोक जळत्या गाड्यांच्या उजेडात काचाशी नाचले, काचाशी म्हणजे त्यांच्याकडे लग्नकार्याच्या शेवटी सगळे उठून हात वर करून नाचतात तो नाच. ज्यांनी ते बघितलं ते सांगतात की भीती अशी वाटतच नव्हती, छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटत होतं.

सकाळी सातच्या सुमाराला आपोआप सगळं शांत झालं. रस्ताभर काळे सांगाडे. दोन्हीकडचे मिळून ऐंशीच्या वर जखमी, त्यातले जास्त अमेरिकन.

गर्दीत कोण होतं

नंतर आधी कट शोधला गेला. कुठल्या पक्षाने घडवलं, कुठल्या युनियनने पेट्रोल पुरवलं वगैरे. तसलं काही ठोस निघालं नाही. नेता नव्हता, पत्रक नव्हतं, घोषणा ठरलेल्या नव्हत्या. पुढे ऐंशीच्या आसपास लोकांना पकडलं पण खटले थोड्यांवरच उभे राहिले.

गर्दीत बारमध्ये काम करणारी पोरं होती, टॅक्सीवाले होते, तळावरचे कामगार होते, गुंड म्हणावेत असेही होते. म्हणजे यातल्या कितीतरी लोकांचं पोट त्या पिवळ्या प्लेटवाल्यांवरच चालत होतं. याचं अनेकांना आश्चर्य वाटतं, ज्या गिऱ्हाईकावर घर चालतं त्याचीच गाडी कशी जाळली? मला यात विरोधाभास दिसतच नाही. जो माणूस लांबच्या गावात शेती करतो त्याला सैनिक महिन्यातून एकदा दिसतो. बारमध्ये ग्लास भरणारा पोरगा त्याला रोज सहन करतो, बिल बुडवताना बघतो, बाईच्या कानाखाली वाजवताना बघतो, आणि एमपी आले की त्याला खांद्यावर हात ठेवून जीपमध्ये बसवून नेताना पण बघतो. सगळ्यात जास्त हिशोब त्याच्याकडे साठलेला असतो.

काळ्या सैनिकांचं प्रकरण मात्र इतकं सोपं नाही. त्या काळात तेरुयात अमेरिकेतल्या चळवळीचे वारे पोचले होते, काही काळ्या सैनिकांनी नंतर पत्रकं काढून सांगितलं की तुमचा राग आम्हाला समजतो, आम्हीही तेच भोगतो. हे खरंय आणि ते मोलाचं आहे. पण त्याच तेरुयात काळ्या सैनिकांकडून स्थानिक बायकांना त्रास झाल्याच्या घटनाही होत्या, आणि स्थानिकांच्या मनात रंगावरून तिरस्कारही होता. एका रात्रीच्या वागण्यावरून फार गोड चित्र रंगवू नये, एवढंच म्हणतो.

नंतर

हाय कमिशनर लॅम्पर्ट यांनी घटनेचा कडक शब्दांत निषेध केला आणि विषारी वायू हलवण्याच्या कामाचा याच्याशी संबंध जोडला. लोकांना याचा फार संताप आला, कारण वायू ठेवला यांनी, लपवला यांनी, आणि हलवायला उशीर होईल म्हणून दम देतायत आम्हाला. शेवटी पहिली खेप जानेवारी १९७१ मध्ये निघाली, बाकीचा साठा त्या वर्षीच्या जुलै ते सप्टेंबरमध्ये पॅसिफिकमधल्या जॉन्स्टन बेटावर गेला. ज्या रस्त्याने ट्रक जायचे तिथल्या लोकांना घरं सोडून लांब जावं लागलं.

कोझाच्या बारवाल्यांवर मात्र संक्रांत आली. कंडिशन ग्रीन नावाचा आदेश निघाला, म्हणजे सैनिकांना शहरात यायला बंदी. ख्रिसमसचा आठवडा, वर्षातला सगळ्यात मोठा धंदा, आणि गेट टू स्ट्रीट रिकामी. बारमालक लष्कराकडे बंदी उठवा म्हणून खेटे घालायला लागले, आणि आंदोलनवाले त्यांच्याकडे वाकड्या नजरेने बघायला लागले. माझी सहानुभूती इथे मालकांपेक्षा त्यांच्याकडच्या बायकांना जास्त आहे, कारण बंदीच्या दिवसांत पगार नाही पण डोक्यावरचं देणं होतं तसंच. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी गत. पुढे याच कंडिशन ग्रीन नावाचा एक रॉक बँड कोझात निघाला, सैनिकांसमोर वाजवणारा, जपानभर गाजला.

१५ मे १९७२ ला ओकिनावा जपानकडे गेलं. ए साईनची पद्धत बंद झाली. डॉलर जाऊन येन आला. १९७४ मध्ये कोझा आणि मिसातो एकत्र करून ओकिनावा सिटी झाली, कोझा हे नाव नकाशावरून गेलं तरी बोलण्यात अजून आहे. शहरात हिस्ट्रीट नावाचं छोटं संग्रहालय आहे, तिथे बारवरच्या ए पाट्या आणि त्या काळच्या वस्तू ठेवल्यात.

काय बदललं, काय नाही

काही अभ्यासक म्हणतात की त्या रात्रीने अमेरिकेला ओकिनावा सोडायला लावलं. मला ते ताणलेलं वाटतं, परत करायचं एक वर्ष आधीच ठरलं होतं. काही जण उलट म्हणतात की प्यायलेल्यांचा धुडगूस होता, त्याला कशाला एवढं महत्त्व. हे तर त्याहून चुकीचं आहे, प्यायलेला जमाव नंबर प्लेटचा रंग बघून आणि गाडी मधोमध ढकलून जाळत नाही. माझ्या मते त्या लोकांनी जे केलं तो एक पंचनामाच होता, जो त्यांना कायद्याने कधीच करू दिला नव्हता. मला जाळपोळीचं कौतुक करायचं नाही, शाळेची इमारत जाळणं चूकच. पण इतोमानच्या पोरांनी आठवडाभर शांतपणे जागा राखून सगळं रीतसर मागितलं होतं आणि त्याचं काय झालं ते तीन महिन्यांत दिसलं. रीतसर मागणाऱ्याला असं परत पाठवलं तर पुढच्या वेळी रस्त्यावर कोण येणार हे मागणी नाकारणाऱ्यांनीच ठरवलेलं असतं.

जपानकडे गेल्यावर कायदा बदलला, पण पुरता नाही. जपान आणि अमेरिकेतल्या लष्करी कराराच्या १७ व्या कलमाप्रमाणे आरोपी सैनिक तळाच्या आत असेल तर आरोपपत्र दाखल होईपर्यंत त्याचा ताबा अमेरिकेकडेच राहतो. १९९५ मध्ये तीन अमेरिकन जवानांनी बारा वर्षांच्या मुलीवर अत्याचार केला, तेव्हा ऑक्टोबरमध्ये ८५ हजार माणसं सभेला जमली, आणि त्यानंतर अमेरिकेने एवढंच मान्य केलं की खून आणि बलात्काराच्या गुन्ह्यांत लवकर ताबा द्यायचा सहानुभूतीने विचार करू. कलम तेच राहिलं.

डिसेंबर २०२३ मध्ये कादेनाच्या एका हवाई सैनिकाने अल्पवयीन मुलीवर अत्याचार केल्याचं प्रकरण घडलं, मार्च २०२४ मध्ये आरोपपत्र दाखल झालं, आणि ओकिनावाच्या प्रांतिक सरकारला ते कळलं जूनमध्ये, तेही बातमी बाहेर आल्यावर. टोकियोतल्या परराष्ट्र खात्याला आधीपासून माहीत होतं. त्यानंतर सैनिकांवर रात्री एक ते पाच तळाबाहेरच्या बारमध्ये थांबायला बंदी आली, आणि सोबत गस्त घालू, जास्त शिस्त लावू असं सांगितलं गेलं. ओकिनावाच्या गव्हर्नरांची मागणी मात्र वेगळी होती: गुन्हा घडला की आम्हाला लगेच कळवा, आणि १७ वं कलम बदला.